खंडोबाच्या घोड्याचा उपवास

झरी, कार्तिक वद्य प्रतिपदा, शके १८५९

आजपासून आमच्या परसात एक घोडा आहे. दैनंदिनीत इतकं ठळक वाक्य लिहिण्याची संधी मला आजवर मिळाली नव्हती. साप्ताहिकाचा वार्ताहर म्हणून दर पंधरवड्याला मी जो मजकूर पाठवतो, त्याचा मथितार्थ 'झरीत विशेष काही घडले नाही' एवढाच असतो. तो मी दीड रकान्यात लिहितो, हे माझं कसब.

घोडा नावाला माणिकराव पाटलांचा. त्यांच्या वडिलांनी नवस फेडताना खंडोबाला सोडलेला. नाव पाखऱ्या. रंगाने पांढरा, स्वभावाने संतुष्ट. चंपाषष्ठीला पालखीपुढे चालायचं आणि उरलेलं वर्ष गावभर फिरून दारोदारची डाळ आणि गूळ खायचा, एवढीच त्याची नोकरी. माझ्याकडे अश्वशास्त्राची एक जुनी पोथी आहे. तीत उत्तम घोड्याचं पोट हरणासारखं सांगितलंय. पाखऱ्याचं पोट हत्तीच्या बाजूला झुकतं.

तो आमच्याकडे आला कावेरीमुळे. कावेरी माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली, मग लग्नानंतर वर्षाच्या आत पोरीचा नवराही गेला. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तेव्हापासून आमच्याकडे. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे ती आमच्याकडे राहते की आम्ही तिच्याकडे, हे आता नक्की सांगता येत नाही. तिला मी हैदराबादेस सुईणीचं शिक्षण घ्यायला धाडलं, तेव्हा गावातले काही लोक माझ्याशी बोलेनासे झाले. तेवढीच शांतता लाभली.

आता जिंतूरच्या एका धर्मार्थ दवाखान्याला फिरती सुईण हवी आहे. वाड्यावस्त्यांवर जाणारी. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात गाडीचं चाक रुतलं की ते संक्रांतीला निघतं. म्हणून डॉक्टरांची अट, बाईला घोड्यावर बसता आलं पाहिजे. परभणीला एक निवृत्त रिसालदार दर हिवाळ्यात पाटील, पटवारी वगैरे मंडळींसाठी घोडेस्वारीचं शिबिर भरवतात. ते पार पाडून आलेली बाई डॉक्टर डोळे झाकून घेणार आहेत. रिसालदारांना विचारलं, तर निरोप आला की बाई आली तरी हरकत नाही, घोडा मात्र आपला आणि दमाचा पाहिजे. पहिल्या दिवशी घोड्याची परीक्षा. घोडा नापास झाला की तो घरी, आणि त्याच्या पाठीवरचं माणूसही घरी. शिबिर मार्गशीर्ष वद्य पंचमीला.

गेल्या महिन्यात माणिकरावांच्या सुनेचं मूल आडवं आलं होतं. कावेरीने दोघांना वाचवलं. पाटील म्हणाले, "माग पोरी काय मागायचं ते." सगळ्यांना वाटलं, पाटल्या मागेल. तिने पाखऱ्या मागितला.

"आगं, देवाचा हाय त्यो!"

"देवाच्याच कामाला न्यायचाय, काका."

पाटील जरा वेळ मिशीशी खेळत बसले, मग हसले. चंपाषष्ठीच्या पालखीपुढं तो चालला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. नंतर पोरीचाच.

पार्वतीबाईंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, घोड्याला ओवाळलं, कुंकू लावलं, आणि मला विचारलं, "जिंतूर किती लांब हो?"

"सात-आठ कोस."

"म्हणजे गाडीला दिवस." आणि आत गेल्या.

कार्तिक वद्य तृतीया, रविवार

पाटलांचे बैल बघायला परभणीहून जनावरांचे डॉक्टर, इकडचे लोक ज्यांना सलोतरी म्हणतात ते, आले होते. त्यांना हाताला धरून परसात आणलं. त्यांनी पाखऱ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. तिला वेळ लागला.

"पंडितजी, ये घोडा है या गोदाम?"

मी म्हटलं, देवाचा आहे.

"तो फिर दुआ करो." मग बरगड्या चाचपू लागले. त्या सापडेनात. शेवटी सांगितलं ते असं: गूळ बंद, डाळ बंद, दाणा-चंदी मोजकी, रोज रपेट, आणि हळूहळू दम वाढवणे. पोथीतही थोडंफार हेच आहे, फक्त अनुष्टुभात.

दुपारी पहिली रपेट. कावेरी नऊवारीचा कासोटा घट्ट मारून खोगिरावर बसली, मी लगाम धरला. आमच्या घरापासून वेशीपर्यंत जायला सकाळ लागली असती, पण दुपार होती म्हणून संध्याकाळ लागली. कारण पाखऱ्या प्रत्येक दारापुढे थांबतो. थांबतो आणि उजवा पाय उचलून धरतो. घरातून बाई येते, पायावर पाणी घालते, कुंकू लावते, मूठभर डाळ-गूळ देते. मग तो पाय खाली ठेवतो आणि पुढल्या दाराशी जातो. आज रविवार, खंडोबाचा वार, त्यामुळे एकही दार बंद नव्हतं.

एका दारात बायनाबाईला मी म्हटलं, "बाई, त्याला आता चारू नका, त्याला बारीक व्हायचंय."

"आन् देवाच्या वारूला दारातनं उपाशी धाडू? लय पाप लागंल गुर्जी. तुमी बारीक व्हा की."

कावेरी खोगिरावर मान खाली घालून हसत होती. घोड्यावरचं माणूस हसलं की घोडा हलतो, हे मला नव्यानं कळलं.

कार्तिक वद्य पंचमी

मला युक्ती सुचली आहे. गाव तर्काला जुमानत नाही, पण धर्माला जुमानतं. सटवाजीला बोलावलं. हा खंडोबाचा वाघ्या, आणि पाखऱ्याचा आजवरचा सांभाळकर्ता. सांभाळ म्हणजे दोघांनी मिळून ओट्यावर बसणं. त्याला म्हटलं, देवळात सांग की पाखऱ्याने चंपाषष्ठीपर्यंत उपवास धरलाय.

"घोड्यानं?"

"देवाचा घोडा. त्याने धरायचा नाही तर कुणी?"

सटवाजीने क्षणभर विचार केला. "बराबर हाय. आपल्यापरीस त्येचा मान मोठा." आणि गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मी पोथी बंद केली आणि बऱ्याच दिवसांनी समाधानाने झोपलो.

कार्तिक वद्य सप्तमी

उपवासाचा आज दुसरा दिवस. फलश्रुती लिहून ठेवतो.

सकाळी कडूबाई आली ती पितळी झाकून. झाकणाखाली तुपात परतलेली रताळी. मी म्हटलं, "अहो, त्याचा उपवास आहे."

"म्हनून तर! उपासाचंच हाय गुर्जी. सोवळ्यात केलंय."

तिच्यामागे राजगिऱ्याचे लाडू आले. मग दाण्याचं कूट आणि गूळ. मग पाटलांकडून खजूर, चांदीच्या वाटीत. मग भगर, वर ताजं लोणी. एकूण काय, साध्या दिवशी जे मूठभर मिळायचं ते उपवासाच्या दिवशी परातभर मिळायला लागलंय. यात मी माझाच समाज विसरलो. आषाढी एकादशीला मी स्वतः काय काय खातो, हे आठवलं असतं तर ही चूक झाली नसती.

खोगिराचा तंग आणखी एक भोक मागे घ्यावा लागला. "मामा," कावेरी म्हणाली, "आता उपवास सुटायची वाट बघायची. पारण्याला तरी कमी मिळेल."

कार्तिक वद्य एकादशी

चुकांतून मार्ग निघाला. पाखऱ्या आता परसातच, कवाड लावून. लोकांना सांगितलं, व्रत कडक झालंय, मौन आहे. मौनात भेटीगाठी होत नाहीत, हे गावाला पटलं. रपेट भल्या पहाटे, बाया उठून चुली पेटवायच्या आत, आणि गावाबाहेरच्या गाडीवाटेने, जिथे दार म्हणून नाही.

कावेरी आतापावेतो चारदा पडली. प्रत्येक वेळी ती आधी घोड्याला विचारते, "लागलं का रे?" काल दुडक्या चालीने ओढ्यापर्यंत गेली. ओढ्याच्या पलीकडचा चढ मात्र पाखऱ्याला झेपत नाही. अर्ध्यावर उभा राहतो आणि भात्यासारखा चालतो.

सटवाजी खरारा करतो, मी चंदी स्वतः मोजून तोबऱ्यात घालतो. सगळं यथाशास्त्र चाललंय.

कार्तिक अमावास्या

सगळं यथाशास्त्र चाललंय आणि पोट तसंच आहे. हे मला समजत नाही. कवाड बंद. चंदी मोजकी. रोजची रपेट. पोथीत अशा घोड्याचा उल्लेख नाही.

पार्वतीबाई मात्र अलीकडे फार देवभोळ्या झाल्या आहेत. दुपारी मी पडलो की गोठ्यात जाऊन पाखऱ्याला प्रदक्षिणा घालतात. घोडाही इतका भाविक की हिच्या बांगड्या वाजल्या की कान टवकारून खिंकाळतो. माझ्या चाहुलीला तो शेपूटसुद्धा हलवत नाही. विद्वत्तेची कदर मनुष्यप्राण्यातही कमीच आहे म्हणा.

आज जेवताना ही म्हणाली, "समजा, त्या परीक्षेत पोटापायी परत पाठवला घोडा, तर?"

"तर मग पुढल्या हिवाळ्यात."

"डॉक्टर थांबतील?"

"नाही थांबले तर दुसरी बाई घेतील. मग कावेरी आपली इथेच."

हिने माझ्या भातावर तुपाची अख्खी पळी घातली. मी इतक्यात असं काही चांगलं केल्याचं मला आठवत नाही.

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

घरातला गूळ संपला. दिवाळीला ढेप आणली होती. पार्वतीबाई म्हणाल्या, उंदीर. एवढा गूळ नेणारे उंदीर असतील तर त्यांनाच खोगीर घालावं.

माझा संशय सटवाजीवर. आज त्याला गाठलं.

"खरं सांग, पाखऱ्याला गूळ तू चारायलास?"

"म्या?" त्याने छातीच्या बरगड्यांवरची बंडी वर केली. "गुर्जी, तुमच्या घरचा गूळ माज्या हाती लागला असता तर त्यो घोड्यापत्तूर गेला असता का?"

हा युक्तिवाद न्यायशास्त्रालाही खोडता येणार नाही.

कावेरी तिथेच पाखऱ्याच्या आयाळीत बोटं घालून उभी होती. म्हणाली, "मामा, चोर शोधू नका."

"का बरं?"

"सापडला तर त्याचं काय करायचं, ते ठरवावं लागेल."

पोरीचं बोलणं कधीकधी फार अवघड असतं. माझ्यावर गेली असावी.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

चंपाषष्ठी. पालखी निघाली. पाखऱ्या ढोलाच्या ठेक्यावर असा काही नाचत चालला की पोट दिसतच नव्हतं. तो पांढऱ्याचा पिवळा झाला, सटवाजी पिवळा, मी पिवळा, पाटलांच्या मिशा पिवळ्या. भंडारा अजून माझ्या कानात आहे. वांग्याचं भरीत आणि रोडगे खाऊन गाव आडवं झालं.

माणिकरावांनी पालखी देवळात गेल्यावर सगळ्यांसमोर लगाम कावेरीच्या हाती दिला. "आता तुजा. पर पोरी, परभनीला आमचं नाक कापू नको. झरीचा घोडा मागं आला तर मला बाजारात त्वांड दाखवायला जागा न्हाई."

कावेरीने वाकून नमस्कार केला. पार्वतीबाईंनी डोळ्याला पदर लावला. भंडारा गेला असेल.

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी

आज काय झालं ते सरळ लिहितो.

सकाळी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून दगडाबाई धावत आली. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, रात्रीपासून अडलेली. "चला बाई, पोर जायलीय माजी," एवढंच म्हणत होती. कावेरीने पिशवी घेतली, पाखऱ्यावर खोगीर टाकलं आणि दुडक्या चालीने गेली. मी आणि दगडाबाई मागून पायी.

ओढ्याच्या चढावर आम्हाला पाखऱ्या दिसला. एकटाच. चारी पाय रोवून उभा, तोंडाला फेस, पोट खालीवर. लगाम बाभळीला गुंडाळलेला. कावेरी तिथून पायी पळत गेली होती. चढाच्या चिखलात तिच्या पावलांचे ठसे होते, मधे गुडघे टेकल्याची खूण.

आम्ही पोहोचलो तेव्हा आतून मुलाचा आवाज आला. दगडाबाई उंबऱ्यावरच बसली. मुलगा झालाय. लेकही बरी आहे.

घरी आलो. पार्वतीबाई ओट्यावर उभ्या होत्या. कावेरीचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाचं.

"गळ्याला नाळेचे दोन वेढे होते, मामी," ती म्हणाली. "जरा आणखी उशीर झाला असता तर काळानिळा हातात आला असता." मग म्हणाली, "चढावर थांबला तो. त्याचा दोष नाही. तो तरी काय करणार." आणि आंघोळीला गेली.

संध्याकाळी ही जेवायला बसली आणि ताट तसंच सारून उठली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "मी चुकले."

"कशात?"

"भाजीत मीठ जास्त पडलंय."

भाजीत मीठ बरोबर होतं. तसं मी सांगितलं. तरी तिने पुन्हा तेच म्हटलं.

मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

पोथीतल्या पद्धतीला यश येऊ लागलं! पाखऱ्याच्या मागच्या दोन बरगड्या आज प्रथमच दृष्टीस पडल्या. मी त्या सटवाजीला दाखवल्या. तो म्हणाला, "आरारा, वाळलं की जनावर." कुणाचं काय, तर कुणाचं काय.

माझा कयास असा की शरीर आधी साठवलेलं खर्च करायला वेळ घेतं आणि मग एकदम घसरतं. यावर साप्ताहिकात टिपण लिहिता येईल.

पार्वतीबाईंची भक्ती आता वेगळ्या वळणाने चाललीय. पहाटे कावेरीची रपेट आटोपली की ही पाखऱ्याला घेऊन भाजी आणायला म्हणून मळ्याकडे जाते. हाताला लगाम नाही. ही पुढे, तो मागे. ओढ्याचा चढ चढतात, उतरतात, पुन्हा चढतात. "भाजी कुठंय?" म्हटलं तर म्हणते, विसरले. तीन दिवस भाजी विसरते आहे. वरण-भातावर चाललंय.

काल मी दुरून पाहिलं. चढाच्या माथ्यावर ही धापा टाकत उभी होती आणि खाली बघून म्हणत होती, "ये. ये रे बाळा. तुला चढायलाच पाहिजे आता." आणि तो चढत होता.

मार्गशीर्ष वद्य द्वितीया

सलोतरी पुन्हा येऊन गेले. बरगड्या मोजल्या. चढावर पळवून छातीला कान लावला. "माशाल्ला. गोदाम खाली हो गया." मग माझ्याकडे वळून म्हणाले, तरी रिसालदारसाहेब कडक आहेत, त्यांनी गेल्या साली एका पटवाऱ्याचा घोडा खोकला म्हणून परत धाडला; खोकला पटवाऱ्याला होता.

कावेरीने हे ऐकून आजची रपेट दुप्पट केली. रात्री तिला जेवताना डुलकी लागली, घास हातात तसाच. हिने तो काढून घेतला, हात पुसला. पोर किती घाबरलीय ते तिच्या झोपेत दिसतं.

परभणी, मार्गशीर्ष वद्य पंचमी

सगळं नीट लिहायचं म्हणजे दिवा जास्त जळणार. चालेल.

पार्वतीबाई "मी येणार" म्हणाल्या. परभणीला त्या लग्नानंतर दोनदा आल्यात, दोन्ही वेळा घर सुटलं म्हणून रडत. मी म्हटलं, गाडीत जागा नाही. त्या आधीच गाडीत बसल्या होत्या.

मैदान मोठं. एका कडेला शिबिराच्या तंबूंची लांबलचक रांग, तिच्यासमोरून घोडे पळवायचे. मैदानाला तीन फेऱ्या, मग सलोतरी छातीला कान लावणार. रिसालदार म्हणजे काठीसारखा ताठ म्हातारा, दाढी मेंदीने लाल. पाटील, पटवारी, गिरदावर मंडळी आपापले घोडे घेऊन उभी. त्यांत कासोटा मारलेली कावेरी. एक पटवारी दुसऱ्याला म्हणाला, "बाई पडली तर उचलायचं कुणी?" कावेरीने ऐकलं. "तुम्ही पडलात तर मी उचलीन, दादा. मला सवय आहे, नऊ महिन्यांच्या बाया उचलते."

तिची पाळी आली. पाखऱ्या सुंदर निघाला. मान उंच, चाल मोकळी. तंबूंच्या रांगेपाशी आला आणि पहिल्या तंबूच्या दाराशी थांबला. थांबला आणि उजवा पाय उचलून धरला.

महिनाभर आम्ही त्याला दारं नसलेल्या वाटेने नेलं, पण इथे दारांची रांगच्या रांग मांडली होती, आणि प्रत्येक दाराला पडदा, घरासारखा.

लोक हसले. रिसालदार म्हणाले, "ये क्या, सलाम कर रहा है?" कावेरीने टाच दिली. तो चार पावलं चालला आणि दुसऱ्या तंबूपाशी थांबला. पुन्हा पाय वर. आता मैदानभर हशा. कावेरीचा चेहरा पांढरा पडला होता. ती काही बोलत होती त्याच्या कानात, पण तो दाराकडे बघत होता, आतून कुणी पाणी घेऊन का येत नाही म्हणून. रिसालदारांनी मुनशीकडे मान वळवली. मुनशीने दौतीत टाक बुडवला.

माझ्या शेजारची जागा रिकामी आहे, हे मला तेव्हा कळलं.

पार्वतीबाई मैदान तिरपं कापत निघाल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला. रांगेच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि एवढ्या परक्या पुरुषांसमोर, जिने आजवर माझ्या मित्रांसमोरही दाराआडून बोलणं केलं, तिने साद घातली:

"पाखऱ्या! ये रे बाळा! ये!"

त्याने कान टवकारले. पाय खाली ठेवला. आणि धावला. तंबू नाहीत, दारं नाहीत, रस्ता नाही, काही बघितलं नाही त्याने. कावेरी पुढे वाकली होती, वेणी मागे उडत होती. तो टोकापर्यंत पोहोचायच्या आत ही दुसऱ्या कोपऱ्याकडे निघाली होती. चालत नाही, धावत. बावीस वर्षांच्या संसारात मी हिला धावताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कोपऱ्यावरून साद. मग तिसऱ्या. तिसऱ्या फेरीला हिचा आवाज बसला, नुसते हात हलवत होती, पण तोवर पाखऱ्याला कळलं होतं की आज थांबायचं नाही.

सलोतरींनी छातीला कान लावला. बराच वेळ. मग सरळ झाले आणि रिसालदारांकडे बघून मान हलवली. दम आहे.

रिसालदार पाखऱ्याभोवती फिरले. "दरवाजों की आदत मैं छुडा दूंगा," म्हणाले. "दम लाना तुम्हारा काम था. लाए हो. किसने तयार किया?"

मी घसा साफ केला. पोथीचा उल्लेख कसा करावा याची मी मनात जुळवाजुळव केलीच होती. कावेरीने खाली उतरून मामीकडे हात केला. मामी खाली बसल्या होत्या, धापा टाकत, आणि पाखऱ्या त्यांच्या खांद्यावर तोंड घासत होता. रिसालदारांनी टाचा जुळवून तिला सलाम केला. तिने घाईघाईने पदर डोक्यावर घेतला.

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडली नाही. चंदी मी मोजायचो, तोबरा मी बांधायचो. मग तो माझ्या हाकेला मान वळवत नाही आणि हिच्या हाकेला असा जीव तोडून का धावतो? पोथी पुन्हा नीट वाचली पाहिजे.

झरी, पौष शुद्ध तृतीया

शिबिर संपवून कावेरी आज परतली. वेशीतून आली ती रपेट करत. कुठल्याही दारापुढे पाखऱ्या थांबला नाही. बायनाबाई गूळ घेऊन धावली आणि ओरडली, "आरं, वळख ठिव की मेल्या!" रिसालदारांचा शेरा एका वाक्याचा: बाई हुशार, घोडा ठीक. माणिकराव पाटील दिवसभर बाजारात तोंड दाखवत फिरत होते.

जिंतूरला उद्या निघायचं ठरलंय.

पौष शुद्ध चतुर्थी

निघणं दुपारी. सकाळपासून घरात बांधाबांध. पार्वतीबाईंनी गोधड्या, लोणचं, पापड, काढ्याची मुळं सगळं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. कुणीही रडलं नाही, ही काळजीची गोष्ट होती.

पाखऱ्यावर खोगीर चढलं. ही बाहेर आली, जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मला बसवा."

"कशावर?" मी विचारलं.

"तुमच्या पोथीवर. कशावर म्हणजे?"

कावेरीने हसून ओंजळ धरली, मी दंड धरला, सटवाजीने पाखऱ्याचं तोंड. दोन-तीनदा खटाटोप झाला, एकदा मीच खाली बसलो, पण शेवटी ती वर गेली. वर गेल्यावर आधी डोळे मिटून घेतले. मग उघडले. कासोटा नीट केला. नऊवारी घोड्यावर बसायला किती सोयीची असते, हे आमच्या बायकांना इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही म्हणायचं.

"पडले तर?" ती म्हणाली.

"पडलात की उठायचं, मामी. मी नाही का?"

परसातून अंगणात, अंगणातून रस्त्यावर. मी लगाम धरून पुढे, कावेरी रिकिबीशी. ही वरून मान वळवून इकडेतिकडे बघत होती. हे गाव तिने आजवर एवढ्या उंचीवरून कधी बघितलं नव्हतं.

"जिंतूर कुठल्या अंगाला?"

कावेरीने हात केला. वेशीबाहेर वाट कापसाच्या रानातून जाऊन लिंबाच्या झाडांत दिसेनाशी होते.

हिने हाताची झापड करून बराच वेळ पाहिलं. "इथून दिसत नाही."

"दिसेल कसं? सात-आठ कोस आहे," मी म्हटलं.

"मग थोडं पुढं चला."

मी पुढे झालो. वेशीबाहेर कापूस वेचणाऱ्या बाया ओटी तशीच धरून बघत राहिल्या. एकीने हाक मारली, "पार्वतीबाई, कुठं निघालाव?" ही मला म्हणाली, "जरा भरभर चला हो."